घेण्यास नकार

पहिलं पार्सल परत आलं तेव्हा मला राग आला नाही. पत्ता चुकला असेल, गावात त्या नावाच्या दोन बाया असतील, असं म्हणून मी ते खाटेखाली सरकवलं. दुसऱ्या दिवशी पोस्टमन आला तो सायकलच्या मागे पोतं बांधूनच. कापडात शिवलेली माझीच पार्सलं, माझ्याच हाताचे वेडेवाकडे टाके, लाखेची सीलं जशीच्या तशी. आणि प्रत्येकावर तांबड्या पेन्सिलीनं तेच शब्द: घेण्यास नकार.

कुणी उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. माल बघून नावं ठेवली असती तर मी भांडलो असतो. न बघता नाही म्हणणाऱ्याशी भांडायचं कसं? भांडण्यात मी कधी मागे राहिलो नाही, म्हणून हे जास्तच झोंबलं.

त्या काळात व्ही.पी.नं वस्तू मागवायची रीत होती. वर्तमानपत्रात चौकोनी जाहिरात यायची. गिऱ्हाईक पोस्टकार्ड टाकायचं, विकणारा पार्सल पाठवायचा आणि पैसे हातात पडल्याशिवाय पोस्टमन पार्सल सोडायचा नाही. ते पैसे मनीऑर्डरीनं विकणाऱ्याकडे यायचे. गिऱ्हाइकानं नाही म्हटलं, की वस्तू आल्या वाटेनं परत आणि जायचं टपाल विकणाऱ्याच्या डोक्यावर.

माझी वस्तू म्हणजे शेवयांचं यंत्र. आमच्या खानदेशात होळी झाली की घरोघर शेवयांचं काम निघतं. तेव्हा गल्लीत एकच यंत्र असायचं, लोखंडाचं, दोघांनी उचलावं असं. ते खाटेला आवळायचं. एक बाई कणीक लोटणार, दुसरी दांडा फिरवणार, तिसरी शेवया काठीवर झेलणार. यंत्र ज्यांचं त्यांचा नंबर पहिला, बाकीच्यांनी ऊन असेतो वाट बघायची. यावरून जावाजावांत, शेजारणीत काय काय बोलणी व्हायची ती मी लहानपणापासून ऐकली होती. माझं यंत्र ॲल्युमिनियमचं होतं. हलकं, पार्सलात मावणारं, एकटीनं चालवता येणारं. कल्पना माझी. आजही कुणी तसं यंत्र दाखवलं की मी हे सांगतो आणि ऐकणारा मान हलवून दुसरा विषय काढतो.

त्याआधी मी जळगावात एका शेठच्या भांड्यांच्या दुकानात होतो. चाळीसगावकडच्या खेड्यातून आलेला, शाळा अर्धवट सोडलेला, पण गिऱ्हाइकाला रिकाम्या हातानं जाऊ न देणारा. ही टपालाची कल्पना मी आधी शेठलाच सांगितली होती. तो गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं हसला. एक पातेलं उचलून बोटानं टण्णकन वाजवलं आणि म्हणाला, "अरे, बाई असं वाजवून बघितल्याशिवाय वाटीसुद्धा घेत नाही. आणि तुला न बघता पैसे देणार? तू आपला दारात उभा राहून गिऱ्हाईक ओढ. टपाल, जाहिरात हे शिकलेल्या माणसांचं काम."

गिऱ्हाइकं हसली. मी गळ्यातला फडका काढून गल्ल्यावर ठेवला आणि बाहेर पडलो. परत त्या पायरीवर पाय ठेवला नाही.

स्टेशनच्या पलीकडे ओतकाम करणारे एक चाचा होते. अंगण म्हणजेच त्यांचा कारखाना. त्यांच्या भट्टीजवळ बसून मी पूर्ण हिवाळा घासाघीस केली. भाव कमी होईना, मीही उठेना. शेवटी चाचांनी माझ्या सांगण्यावरून साचा केला. अट मी घातली, की हे यंत्र माझ्याशिवाय दुसऱ्या कुणासाठी ओतायचं नाही. त्यावर चाचांनी त्यांची अट घातली.

"आखाजीपर्यंत साचा तुझा," ते म्हणाले. "तोपर्यंत दुसऱ्या कोणाला दाखवणार पण नाही. पण आखाजीपर्यंत माल माझ्या अंगणातून उठला पाहिजे. नाही उठला तर जो येईल त्याला देईन, माल पण आणि साचा पण. मला भट्टी चालवायची आहे, भाऊ, तुझी जिद्द नाही चालवायची."

मी हो म्हटलं. अक्षय्य तृतीया अजून लांब होती. वर्तमानपत्रात माझी जाहिरात लागली होती आणि पोस्टकार्डं रोज येत होती. धुळे, शिंदखेडा, अमळनेर, बोदवड, कुठून कुठून. माझ्या मनात शंका नव्हती.

पहिला फटका बोदवडकडून बसला. सकाळच्या गाडीनं एक धिप्पाड माणूस आला आणि पिशवीतून माझं यंत्र काढून त्यानं उंबऱ्यावर आदळलं.

"हे काय पाठोलं तुमी? खाटीले बसतच नाही. माही बायको म्हनते, नवऱ्यानं पैसे पाण्यात घातले. मले पैसे परत पाहिजे."

"बसत कसं नाही? माझ्यासमोर बसवून घेतलंय."

"कायले बसोलं होतं?"

चाचांच्या घरी लोखंडी पलंग होता. यंत्राची पकड त्याच्या पट्टीला बसवून पाहिली होती. खेड्यातल्या खाटेची लाकडी दांडी मनगटाएवढी जाड. तिथं त्या पकडीचं तोंड पुरणारच नव्हतं. पण हे त्याला कोण सांगतो?

"पैसे परत मिळणार नाहीत," मी म्हणालो. "यंत्र बदलून मिळेल."

"मी इथीच बसतो."

"बसा. ऊन चढलं की आत या, मी पाणी देतो. पैसे देत नाही."

तो खरंच बसला. गल्लीतली माणसं थांबून बघायला लागली. मी सायकल काढली, त्याचं यंत्र घेऊन चाचांकडे गेलो, रुंद तोंडाची पकड लावून घेतली आणि दुपारी परत आलो. तो तिथंच होता, शेजाऱ्याच्या ओट्यावर सावलीत सरकलेला. मी आमच्याच लाकडी खाटेला यंत्र आवळून दाखवलं. त्यानं पूर्ण जोर लावून हलवून पाहिलं. हललं नाही.

"अन् माहं गाडीभाडं?"

त्यावरून पुन्हा तासभर. शेवटी एका बाजूचं भाडं दिलं. जाताना म्हणाला, "तुमी मानूस खट आहे, पन वस्तू चांगली आहे." मी ते मनाशी धरून ठेवलं. त्या दिवसापासून सगळ्या यंत्रांना चाचा रुंद पकड लावू लागले. त्यात दिवस गेले आणि पार्सलं जायला चैत्र निम्मा उलटला. ती मी एकटाच शिवत होतो. बायको माहेरी गेली होती. सुई बोटांत घुसायची, लाखेनं चटके बसायचे आणि मी मनातल्या मनात तिच्या माहेरच्यांना शिव्या घालायचो, कामाच्या ऐन गर्दीत नेली म्हणून.

आणि मग ती पार्सलं परत येऊ लागली.

मी पोस्टात गेलो. पार्सलाच्या खिडकीत एक कारकून बसायचा, जाड चष्म्याचा, मान वर न करणारा. मी पार्सलं त्याच्यापुढे रचली.

"साहेब, ही गावात पोचलीच नाहीत. तुमचे पोस्टमन झाडाखाली बसून शेरे मारतात."

"शेरा तिथल्या पोस्टानं मारलाय. माझ्याशी काय भांडता?"

"मग कुणाशी भांडू?"

"रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहा आणि ठरवा."

मागचे लोक हसले. मी काय काय बोललो ते लिहीत नाही. कारकुनानं एकदा तोंड उघडून काही सांगायचा प्रयत्न केला. मी आवाज चढवला तसं त्यानं खिडकीची फळी खाली ओढली.

पार्सलं येतच राहिली. खाटेखालची जागा भरली, मग कोपरा भरला. रात्री पाय पसरला की पार्सलाला लागायचा. चाचांना मी यातलं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? पण जळगावात गोष्ट लपत नाही. एका दुपारी चाचा भट्टीवरून उठून माझ्याजवळ आले. हात पुसत विचारलं, "भाऊ, माल परत येतोय म्हणे?"

"टपालाचा घोळ आहे."

"टपालाचा घोळ एका गावात होईल. बठ्ठ्या गावांत कसा होईल?" आणि थोडं थांबून, "तुझा जुना शेठ येऊन गेला. मी दाखवलं नाही, अंगणात रचलेली यंत्रं त्यानंच बघितली. आखाजीची तारीख विचारत होता."

माझं डोकं सणकलं. मला वाटलं सगळं समजलं. शेठनंच कुठंतरी पैसे चारले असणार. गावोगावच्या पोस्टमनना तो कसा गाठणार, हा विचारसुद्धा मी केला नाही. राग आला की मला हिशेब सुचत नाही, बाकी सगळ्या वेळी सुचतो. पण एक गोष्ट मला कळत होती. कुणीतरी घेण्यास नकार का दिला, ते त्या दारात जाऊन विचारल्याशिवाय समजणार नव्हतं. आणि ते आखाजीच्या आत समजायला हवं होतं, नाहीतर यंत्र शेठच्या दुकानात जाऊन बसणार. तो ते बोटानं वाजवणार. मला तो आवाज रात्रंदिवस ऐकू येत होता.

त्यातल्या त्यात शिंदखेड्याच्या बाजूचं एक पार्सल मी निवडलं, कारण त्या बाईनं दोनदा पोस्टकार्ड टाकलं होतं. 'यंत्र लवकर पाठवा, वाट पाहते.' वाट पाहणारी बाई नकार कसा देते, ते मला तिच्याच तोंडून ऐकायचं होतं. पार्सल पिशवीत घातलं आणि एसटीनं धुळ्याला गेलो. तिथून शिंदखेड्याची गाडी आणि पुढं गावापर्यंत पायी. डोक्यावर पंचा, तोंडात धूळ. वाटेत मी भांडणाची वाक्यं जुळवत होतो.

गाव अर्धं झोपलेलं होतं. पत्ता विचारत एका दारात गेलो. ओसरीवर एक म्हातारी खाटेवर बसून गहू निवडत होती. मी नाव सांगितलं तसं तिनं सूप बाजूला ठेवलं.

"कोन शे रे भाऊ? कोठला शे?"

"जळगावहून आलो, अक्का. तुमच्या सुनेनं यंत्र मागवलं होतं. पोस्टमन आला तर तुम्ही परत पाठवलं. का परत पाठवलं? वस्तू फुकट येते का? पाठवायचं टपाल कोण देणार?"

तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आधी पानी पे. मंग भांड."

माठातलं पाणी दिलं. मी पाणी प्यायलो. तेवढ्यानं माझा आवाज थोडा खाली आला, मग मीही घरच्याच बोलीवर आलो.

"सून कोठे शे?"

"माहेर गयी."

"कव्हय गयी?"

"तिना भाऊ तिले लेवाले मुराळी उना, ती गयी. आखाजी शे ना रे भाऊ. आखाजीले सुना सासरे र्‍हातस का?"

म्हातारी थांबली नाही.

"पैसा तिना शेत. शेंगा फोडीसन जमाडेल. पेटीमां शेत, अन् पेटीनी किल्ली तिनी कंबरले. पोस्टमन उना, म्हने पैसा द्या. मी काय देऊ? मी म्हनं, लई जाय." मग डोळे बारीक करून, "तुना घर बायको नही का?"

"शे ना."

"मंग ती कोठे शे आते?"

मी पिशवी पायाजवळ ओढली.

"माहेर," मी म्हणालो.

म्हातारी हसली ते सबंध ओसरीला ऐकू गेलं. शेजारच्या दारातून दोन बायका डोकावल्या. "आयका वं! याना घर बायको माहेर गयी, अन् हाऊ आमनी सूनले धुंडाळस!" त्या दोघीही तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

घरच्या कोपऱ्यात रचलेलं एकेक पार्सल डोळ्यांपुढे आलं. सगळ्या बायांचीच नावं. सगळ्यांना आखाजीसाठी माहेरी नेलेलं. झोपाळे बांधलेले, गौराई बसवलेली, आणि यंत्राचे पैसे सासरच्या पेटीत कुलूप लावून ठेवलेले. तरी मी आजही म्हणतो, यात माझी चूक नव्हती. पोस्टकार्डावर लिहायला काय झालं होतं, की आखाजीनंतर पाठवा? बायको ही गोष्ट निघाली की वर बघते.

म्हातारीनं पिशवीकडे बोट केलं. "दखाड ते यंत्र."

"पैसे दिल्याशिवाय खोलत नाही."

"मंग मी कशी सांगू सूनले, घे का नको घे?"

हा मुद्दा बरोबर होता, म्हणून मला आणखी राग आला. मी टाके फाडले. यंत्र काढलं, तिच्याच खाटेच्या दांडीला आवळलं. इथं पकड सुटली असती तर तीन बायका साक्षीला होत्या आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. शेजारणीनं घरातून भिजवलेल्या कणकेचा गोळा आणला. मी दांडा धरायला गेलो तर म्हातारीनं माझा हात झटकला. स्वतः बसली, एका हातानं कणीक लोटली, दुसऱ्यानं दांडा फिरवला. पहिला घास अडकला. तिनं दांडा जरा मागे घेतला, पुन्हा पुढे नेला आणि खालून शेवयांच्या बारीक, सलग तारा उतरायला लागल्या. शेजारीण पटकन काठी घेऊन धावली. खाट करकरली, यंत्र हललं नाही.

"हलकं शे," म्हातारी म्हणाली.

"मग घ्या."

"मी नही लेत. सूननी मंगाडेल शे, सून ली. मी आते ली ठेवं तं ती म्हनी, सासूनी मना यंत्रवर हात मारा. आखाजी जाऊ दे. ती उनी का मंग धाड."

मी भाव कमी करून पाहिला. अर्धे पैसे आता, अर्धे नंतर, हेही सांगून पाहिलं. शेजारणींना वेगळी यंत्रं देतो म्हणालो. ती एकाच वाक्यावर ठाम होती. आयुष्यात मी पुष्कळ खट गिऱ्हाइकं पाहिली, पण घ्यायची इच्छा असून नाही म्हणणारी ती पहिली. यंत्र पुसून पिशवीत घातलं. निघताना तिनं शेवयांची एक जुडी कागदात बांधून दिली. ओलीच होती.

रात्र धुळ्याच्या स्टँडवर काढली आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं जळगाव गाठलं. घरी न जाता थेट चाचांकडे. दारात हातगाडी उभी होती. हमाल माझी यंत्रं तिच्यात रचत होता. शेठ डोक्यावर रुमाल टाकून भिंतीच्या सावलीला उभा.

"या, टपालवाले," तो म्हणाला. "कसं चाललंय?"

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. "चाचा, गाडी थांबवा."

"भाऊ, मी जबान दिली."

"मलाही दिली होती."

"तुला आखाजीपर्यंतची दिली होती."

"आखाजी उद्या आहे. म्हणजे आजचा दिवस माझा."

हमालाचा हात थांबला. चाचांनी दाढीवरून हात फिरवला. खरं तर शेठला त्यांनी एक दिवस आधी बोलवायला नको होतं, हे त्यांनाही कळलं. शेठ म्हणाला, "दिवस तुझा तर माल उचल. पैसे टाक आणि घेऊन जा सगळा."

पैसे माझ्याकडे नव्हते, आणि ते त्याला माहीत होतं. मी चाचांना घाईघाईनं सांगायला लागलो. माल वाईट नाही, बायका माहेरी गेल्यात, पेटीच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला आहेत, आखाजी उलटली की सगळी पार्सलं सुटतील. शेठ हसायला लागला. "आता हा सणावर बिल फाडतोय."

"बठ्ठ्या बाया माहेरी?" चाचांनी विचारलं.

"तुमच्या गल्लीत बघा. पाडव्याला होती तशी एक तरी सून घरात दिसते का? सगळे झोपाळे माहेरी आलेल्या पोरींचे आहेत. इथल्या सुना गेल्या, इथल्या लेकी आल्या."

चाचांनी बाहेर पाहिलं. पलीकडच्या कडुनिंबाला झोपाळा होताच. "पण जबान दिली," ते पुन्हा म्हणाले, आणि मला कळलं की इथं मी हरलो. जबान मोड असं मी त्यांना सांगू शकत नव्हतो, माझी सगळी बाजूच त्यांच्या जबानीवर उभी होती.

म्हणून मी घासाघीस केली. जे हातात राहील ते राहील. "ज्यांची पोस्टकार्डं माझ्याकडे आहेत आणि पार्सल अजून गेलं नाही, त्यांची यंत्रं तरी खाली काढा. ती मी कबूल केलीत."

"कार्डं दाखव," शेठ म्हणाला.

मी पिशवीतून गठ्ठा काढला. चाचांना वाचता येत नव्हतं. ते म्हणाले, "एकेक वाच. एकेक उतरवतो."

मी वाचायला लागलो. 'आम्ही दोघी जावा आहोत, एक यंत्र दोघींत पाठवा.' एक यंत्र खाली. 'मालक रेल्वेत आहेत, घरी मी एकटीच, चालवता येईल ना?' एक खाली. 'सासूबाईंना कळवू नका, पार्सलावर माझंच नाव घाला.' हमाल हसला, चाचांनी त्याला डोळे दाखवले. एक खाली. वाचता वाचता माझा आवाज चढत गेला. शेठला ऐकवायला मी प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणत होतो. शेठ हसायचा थांबला होता. तो सावलीतून बाहेर येऊन गठ्ठ्याकडे बघत होता.

"या सगळ्यांनी न बघता मागवलं?" त्यानं हळूच विचारलं.

"न बघता. न वाजवता."

मला वाटलं, जिंकलो. जमिनीवर यंत्रांची रांग लागली होती, गाडी निम्मी रिकामी झाली होती. चाचा म्हणाले, "ही तुझी. पैसे बायका देतील तेव्हा दे. गाडीतली शेठची. आणि साचा कोणाचा नाही, माझा." शेठनं वाद घातला नाही. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. तो गाडीमागून निघून गेला, आणि पुढच्या हंगामात वर्तमानपत्रात त्याची जाहिरात आली. माझ्यापेक्षा दुप्पट मोठी, बाईच्या चित्रासकट. 'एकटीनं चालवा' हे माझ्या जाहिरातीतले शब्द, त्याच्या नावाखाली. त्याला ती वाट मीच, मोठ्या आवाजात, एकेक कार्ड वाचून दाखवली होती.

आखाजी होऊन लेकी सासरी परतू लागल्या तसं मी पार्सलांना नवे कागद लावले आणि पोस्टात गेलो. त्याच खिडकीत तोच कारकून. त्यानं पार्सलांकडे पाहिलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे.

"आता जातील," तो म्हणाला. "आखाजीच्या तोंडावर दरवर्षी असंच होतं. साड्या, चपला, बायकांची सगळी पार्सलं परत येतात."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही मला बोलू दिलंत कधी?"

मी पावत्या घेतल्या आणि बाहेर आलो. त्याला मी माफ केलेलं नाही. एक वाक्य बोलायला फळी खाली ओढावी लागत नाही.

मृग लागायच्या आत मनीऑर्डरी यायला लागल्या. शिंदखेड्याकडचीही आली. परत आलेली पार्सलं पुन्हा परत आली नाहीत, अपवाद एकदोन. चाचांचे पैसे मी बायकोच्या हाती पाठवले, स्वतः गेलो नाही.

मग एका संध्याकाळी तेच आले. उंबऱ्याबाहेर चपला काढून उभे राहिले. बायको माहेराहून येऊन बरेच दिवस झाले होते. मी काही म्हणायच्या आत तिनं चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

"भाऊ, पुढच्या हंगामाला किती ओतू?" चाचांनी विचारलं.

"शेठला विचारा. साचा कोणाचाच नाही ना?"

"शेठला पण विचारणार. आधी तुझ्याकडे आलो."

ते बसले, चहा प्याले, बायकोला शेवया कशा झाल्या ते विचारलं, कप बशीत पालथा घातला आणि उठायला लागले.

"भाव काय लावणार?" मी विचारलं.

त्यांनी सांगितला.

"हा भाव शेठला सांगा," मी म्हणालो. "मला खरा सांगा."

चाचा पुन्हा खाली बसले.